ब्रेक दाबला आणि गाडी पुढे झेपावली: दोष कुठे आणि कसा शोधायचा

"मी ब्रेकच दाबला होता, शप्पथ घेऊन सांगतो." ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजमध्ये वर्षातून पाच-सात वेळा तरी हे वाक्य कानावर येतं. गाडीचा बंपर आत गेलेला असतो, एखादा हेडलाइट फुटलेला असतो. सांगणारा घाबरलेला असतो आणि सोबत आलेला घरचा माणूस चिडलेला. घरच्यांना वाटतं पाय चुकला. चालवणाऱ्याला वाटतं गाडीत दोष आहे. वर्कशॉपच्या कागदावर लिहिलेलं असतं: स्कॅन केलं, कोड नाही (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने दोष नोंदवलेला नाही), गाडी ओके.

इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की या तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. बऱ्याच वेळा आधी गाडी काहीतरी बारीकसं करते, मग दचकलेला पाय मोठं काहीतरी करून बसतो. शोधणारा मध्येच थांबला की त्याच्या हाती यातली एकच बाजू लागते. मग "पाय चुकला" म्हणून गाडी तशीच परत जाते, नाहीतर "गाडीचाच दोष" म्हणून चालवणाऱ्याची सवय तशीच राहते, आणि महिनाभरात तेच पुन्हा घडतं. म्हणून पुन्हा पुन्हा असं करणाऱ्या गाडीत मी काय बघतो ते लिहून ठेवतोय. त्यातली एक गाडी सविस्तर सांगतो, कारण तिने मला चांगलं दमवलं होतं.

गाडी कोलशेतच्या एका काकांची. वय सत्तरीच्या आसपास, गाडी चालवण्याचा अनुभव तीस वर्षांचा, पण सगळा क्लच-गिअरच्या गाड्यांचा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा धरायला लागला म्हणून त्यांनी दहा वर्षं जुनी, टॉर्क कन्व्हर्टरवाली पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. जूनमध्ये पार्किंगच्या जागेत गाडी लावताना ती दोनदा फूट-दीड फूट पुढे सरकली. जुलैत मात्र सरळ खांबाला जाऊन धडकली. तिन्ही वेळा सोसायटीचं पोडियम पार्किंग, दुसरा मजला. तिन्ही वेळा काका म्हणाले की पाय ब्रेकवर होता. मुलाने चाव्या काढून घेतल्या होत्या आणि गाडी तोच घेऊन आला. "आई-बाबांना सांगून बघा तुम्ही, आमचं ऐकत नाहीत," म्हणाला. काका शेजारी गप्प उभे.

मी सगळ्यात आधी मॅट बघितली. पावसाळ्यात हे पहिलं काम, आणि यात इंजिनाला हात लावायची गरज नसते. कंपनीच्या मूळ मॅटवर त्यांनी जाडजूड ७डी मॅट टाकली होती, आणि चिखल होतो म्हणून त्याच्यावर रबराचा एक तुकडा. इंजिन बंद ठेवून हाताने एक्सलेटर पूर्ण खाली दाबला आणि हळूहळू सोडला. पेडल वर यायला लागलं आणि खालच्या एक-दीड इंचात रबराच्या कडेला टेकून थांबलं. ही परीक्षा तुम्ही आज घरी करू शकता. इंजिन बंद, पेडल हाताने तळापर्यंत, मग अगदी सावकाश सोडा. पाय झटकन काढला तर स्प्रिंगच्या जोरावर पेडल मॅट ओलांडून वर येतं आणि दोष दिसत नाही. सावकाश सोडलं तरच अडकतं.

त्या गाडीत कारण सापडलं असं मला वाटलं. मॅटी काढल्या, मूळ मॅट तिच्या हुकांत नीट अडकवली, थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या झडपेत, साचलेला कार्बन साफ केला, आणि गाडी परत दिली. बाराव्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज पडलेला. "परत केलं रे. या वेळेस थोडक्यात वाचलो. मुलाला अजून सांगितलेलं नाही."

चूक माझी होती. एक कारण सापडलं म्हणून मी शोध थांबवला होता. मॅटमध्ये पेडल अडकलं असतं तर गाडी रस्त्यावर, जोरात रेस दिल्यानंतर सुटायला हवी होती. काकांचं मात्र सगळं पार्किंगमध्ये, दोन-तीनच्या वेगात घडत होतं, जिथे एक्सलेटर तळापर्यंत दाबायचं कारणच नाही. हे मी आधीच ताडून बघायला हवं होतं.

या वेळेस स्कॅनर घेऊन मीच त्यांच्या पार्किंगमध्ये गेलो. संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस, काका-काकू दोघंही खाली आलेले. मी काकांना विचारलं तेच काकूंनाही विचारलं, कारण शेजारी बसणाऱ्याचं लक्ष पायाकडे नसतं, आवाजाकडे असतं. काकू म्हणाल्या, "सिग्नलला थांबलं की गाडी नुसती गुरगुरते. आणि हे जोरात ब्रेक दाबतात ना, तेव्हा खालून साप फुसकारल्यासारखा आवाज येतो. मी यांना म्हटलं होतं." काकांना ऐकू थोडं कमी येतं, त्यामुळे त्यांच्यापर्यंत तो आवाज पोचलाच नव्हता. वर्कशॉपमध्ये काकूंना कुणी विचारलं नव्हतं, आणि पहिल्या खेपेला मीही नाही.

गाडी पी (पार्क) मध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांपुढे विटा, एसी बंद. स्कॅनरवर आयडलिंग, म्हणजे एक्सलेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, मिनिटाला ७५० फेरे दाखवत होतं. काकांना म्हटलं, ब्रेक हलका दाबा. काही फरक नाही. आता पार्किंगमध्ये दाबता तसा दाबा. पायाजवळून स्पष्ट फुस्स आवाज आला आणि काटा ११०० च्या वर गेला. दोन-तीन सेकंद तिथे राहिला, मग हळूहळू खाली आला. पाय काढला, आवाज बंद. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. बॉनेट उघडून ब्रेक बूस्टरला जाणारा व्हॅक्युमचा होज पकडीने दाबून बंद केला आणि परत ब्रेक दाबायला सांगितला. काटा जागचा हलला नाही.

बूस्टर म्हणजे ब्रेकच्या पेडलमागे इंजिनच्या बाजूला असणारा पत्र्याचा गोल डबा. आत रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जे व्हॅक्युम तयार करतं, तेच या डब्यातून पेडलला मदत करतं आणि म्हणून ब्रेक हलका लागतो. पडदा फाटला किंवा त्याचा सील गेला की एकाच दाबाला दोन गोष्टी होतात. ब्रेकला मदत कमी पडते, म्हणून पेडल कडक लागतं. आणि बाहेरची हवा बूस्टरमधून थेट इंजिनात शिरते, म्हणून रेस वाढते. ऑटोमॅटिक गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये असेल तर वाढलेली रेस चाकांपर्यंत लगेच पोचते. म्हणजे काका खोटं बोलत नव्हते. ब्रेक दाबल्यावरच गाडी पुढे जात होती, आणि ब्रेक नीट लागतही नव्हता. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना हे वाक्य म्हाताऱ्या माणसाची सबब वाटतं.

कोड का नाही आला? कारण गळती पेडल जोरात दाबलेलं असेल तेवढेच दोन-चार सेकंद व्हायची. असा दोष नोंदवायला इंजिनच्या कॉम्प्युटरला तो जरा जास्त वेळ दिसावा लागतो. टेस्ट ड्राइव्ह घेणारा फिटर चालत्या गाडीत ब्रेक मारून बघतो. डी मध्ये उभी गाडी जोरात ब्रेक दाबून धरून मीटरकडे बघत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. म्हणून एक गोष्ट लक्षात असू द्या: "कोड नाही" याचा अर्थ फक्त कोड नाही एवढाच.

बूस्टर बदलला. पण खांब? दीड फूट सरकणं आणि बंपर आत जाईल इतक्या जोरात खांबावर आदळणं यात फार अंतर आहे. ११०० च्या रेसवर गाडी खांबाला टेकेल, फोडणार नाही. मग मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे त्या दिवसाचं सीसीटीव्ही मागितलं. नशिबाने शिल्लक होतं. कॅमेरा मागून होता. गाडी जागेत शिरते, मागचे लाल दिवे लागतात. थोडी पुढे सरकते, दिवे लागलेलेच. मग उजव्या खिडकीतून काकांचं डोकं बाहेर येतं, खांबापासून किती अंतर आहे ते बघायला. त्याच क्षणी दिवे विझतात, आणि गाडी उडी मारल्यासारखी खांबावर जाते.

ब्रेकचे मागचे दिवे पेडल जरासं दाबलं तरी लागतात. ते विझले म्हणजे पाय ब्रेकवरून उतरला होता. खिडकीतून उजवीकडे वाकलं की कंबर वळते, कंबरेबरोबर मांडी वळते आणि टाच कळत नकळत उजवीकडे सरकते. ब्रेकच्या उजवीकडे काय आहे ते सांगायला नको. तुमच्या गाडीत इंजिन बंद ठेवून बसा, पाय ब्रेकवर ठेवा आणि मान बाहेर काढून मागचं चाक बघायचा प्रयत्न करा. पायाकडे लक्ष ठेवा.

एवढ्याने झालं नसतं. पाय सरकला, गाडीने झेप घेतली, तर माणूस काय करतो? पाय ब्रेकवर आहे अशीच त्याची खात्री असते, म्हणून तो आणखी जोरात दाबतो. गाडी जितकी पळते तितका तो "ब्रेक" दाबतो. मेंदूने पायाला हुकूम ब्रेकचाच दिलेला असतो, पाय मात्र चार बोटं उजवीकडे असतो. पार्किंगमध्ये समोर चार मीटर जागा असते. पूर्ण रेस दिलेली साधी गाडीही ती दोन सेकंदांच्या आत संपवते. एवढ्यात चूक उमगणं माणसाच्या हातात नसतं. पंचविशीतल्या मुलांच्या बाबतीतही मी हे पाहिलंय. म्हणून "म्हातारपण" म्हणून विषय मिटवणाऱ्या मुलांचा मला राग येतो. लाज वाटली की माणूस पुढच्या वेळेस सांगत नाही, आणि सांगितलं नाही तर बूस्टर फाटलेलाच राहतो.

ते फुटेज मी आधी काकांना एकट्याला दाखवलं. तीनदा बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "आधीचं गाडीचं, नंतरचं माझं." मुलाला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, त्याच क्रमाने.

हा क्रम काही माझा शोध नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० या गाडीवर हेच आरोप झाले होते. १९८६ मध्ये टीव्हीवर मोठा कार्यक्रम झाला आणि तिथला ऑडीचा खप काही वर्षांत पार कोसळला. तिथल्या सरकारी रस्तासुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये अहवाल दिला. मुख्य कारण पाय चुकीच्या पेडलवर पडणं हे होतं. पण त्यात असंही होतं की आयडलिंग सांभाळणाऱ्या भागाच्या दोषामुळे रेस अचानक थोडी वाढायची, आणि त्याने दचकून काही जणांचा पाय चुकला असावा. आज ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पी मधून हलत नाही. ती सोय त्याच काळातल्या या प्रकरणानंतर सगळीकडे पसरली.

दुसरं प्रकरण टोयोटाचं, २००९-१० चं. तिथे कारणं खरोखर गाडीत सापडली: एक म्हणजे मॅटमध्ये अडकणारं पेडल, दुसरं म्हणजे दाबलेल्या जागेवरून हळू परत येणारं पेडल. सॅन डिएगोजवळ ऑगस्ट २००९ मध्ये चार माणसं गेली. त्यांच्या लेक्सस (टोयोटाचाच ब्रँड) गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती. लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष आहे का हे बघायला नासाच्या इंजिनिअरांना बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी सांगितलं की पूर्ण रेस लावणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. त्याच वेळी त्यांनी हेही नोंदवलं की पुरावा मिळाला नाही याचा अर्थ असं घडूच शकत नाही असा होत नाही. एका टोयोटा कॅम्रीच्या पेडल-सेन्सरमध्ये कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढलेले त्यांना दिसले होते. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीने सॉफ्टवेअरबद्दलची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध कौल दिला, आणि २०१४ मध्ये ग्राहकांना सुरक्षेबाबत दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले. म्हणून "गाडीत असं होऊच शकत नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आता आपल्याकडे येणाऱ्या बाकीच्या कारणांकडे. पहिला प्रश्न मी हाच विचारतो: गाडी किती जोरात सुटली? थोडीशी ढकलल्यासारखी, की पूर्ण पळाली? थोडी असेल तर हवा शोधायची. म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय का ते. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, फाटलेला ब्रीदर पाइप, इनटेकचं सुकलेलं गॅस्केट. एसी चालू झाला की इंजिन स्वतःच थोडी रेस वाढवतं, ते वेगळं. ठाण्यात सीएनजीच्या गाड्या खूप आहेत, आणि बाहेरून किट बसवताना मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात. त्यातला एखादा सैल झाला, त्याचा पाइप तडकला की तिथून हवा आत जाते. पेट्रोलवर आणि सीएनजीवर दोन्हीवर आयडलिंग बघा. थंड इंजिनाचं आयडलिंग जास्तच असतं, म्हणून सकाळी गाडी सुरू करून लगेच डी किंवा आर (रिव्हर्स) टाकण्याआधी अर्धा मिनिट थांबा. मीटरचा काटा खाली आला की मग लिव्हर हलवा.

पूर्ण पळाली असेल तर मॅट, पेडलच्या सांध्याची खीळ, जुन्या गाडीत एक्सलेटरची केबल, आणि पाय. केबलच्या गाड्या अजून खूप आहेत. पावसाळ्यात केबलच्या आवरणात पाणी शिरून गंज धरतो आणि रेस अडकते. अशा केबलला नुसतं तेल सोडून गाडी परत पाठवू नये, बदलूनच टाकावी.

पेडलला केबलऐवजी वायर असणाऱ्या गाड्यांत लोकांना सेन्सरची फार भीती वाटते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत पाय सोडलेला असताना एक ०.७ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि दुसरा त्याच्या निम्मं. पेडल दाबलं की दोन्ही वाढतात, पण दुप्पट-निम्म्याचं नातं कायम राहतं. कॉम्प्युटर सतत दोघांची तुलना करतो. नातं बिघडलं की तो पी २१३८ सारखा कोड लावतो, इंजिनचा दिवा पेटवतो आणि रेस तोडतो. नेरुळची एक गाडी माझ्याकडे आली होती. नाल्याकडेच्या पार्किंगमध्ये उंदरांनी पेडलच्या वायरी कुरतडल्या होत्या. मालकाला भीती होती की गाडी सुटेल. उलट ती कितीही पेडल दाबलं तरी वीसच्या वर जात नव्हती. असे दोष बहुतेक वेळा गाडीला मंद करतात. स्कॅनरवर मी दोन्ही व्होल्टेज समोर ठेवून पेडल अगदी सावकाश दाबत जातो आणि वायरिंग हलवत राहतो. मध्येच कुठे आकड्याने उडी मारली की तिथे थांबायचं.

डिझेलचं एक वेगळंच आहे आणि ते भयंकर आहे. टर्बोचा (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) सील गेला की इंजिन ऑइल हवेबरोबर आत जातं आणि डिझेल इंजिन तेच जाळायला लागतं. किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण त्याला आता डिझेलची गरजच नसते. मागून निळसर-पांढरा धूर येतो, रेस वाढतच जाते. गिअरची गाडी असेल आणि समोर मोकळी जागा असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन दमून बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही. तिथे हवेची वाट बंद करणं हाच उपाय, आणि तो ज्याला येतो त्यानेच करावा. बाकीच्यांनी गाडीपासून लांब व्हावं. ऑइल वारंवार कमी होत असेल, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तेल दिसत असेल, तर टर्बो दाखवा. घोडबंदरच्या चढावर धूर दिसेपर्यंत थांबू नका.

एएमटी (क्लच-गिअर स्वतःच बदलणाऱ्या) आणि एकूणच ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल एक निरीक्षण सांगावंसं वाटतं. क्लचवाल्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो. उजवा पाय चुकून एक्सलेटरवर पडला तरी डावा क्लचवर असतो, इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जात नाही. तीस वर्षं त्या क्लचने किती चुका पोटात घातल्या ते चालवणाऱ्याला कळलेलंही नसतं. ऑटोमॅटिकमध्ये तो क्लच गेला, चूक तेवढीच राहिली. म्हणून जुना चालक नवीन ऑटोमॅटिक घेतो तेव्हा मी सांगतो, पहिले पंधरा दिवस पार्किंगमध्ये एक्सलेटरला पायच लावू नका. सपाट जागेवर गाडी ब्रेक हलका सोडला की आपली आपण सरकते. टाच ब्रेकसमोर जमिनीवर टेकवा आणि तिथेच राहू द्या. पोडियमच्या रॅम्पवर रेस लागतेच, पण वर पोचलं की एकदा पूर्ण थांबा आणि मग जागेत शिरा. पावसाळ्यात फ्लोटर आणि ओल्या चपलांनी गाडी चालवणं बंद करा. रुंद तळव्याचा फ्लोटर दोन्ही पेडलांवर एकदम बसतो. पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका. ती ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबताच येत नाही.

बूस्टर घरी तपासायचा तर असा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. ते दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, किंवा चालू इंजिनावर जोरात दाबल्यावर फुसफुस ऐकू आली, काटा वर गेला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

आणि गाडी खरोखर सुटलीच तर? ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबायचा आणि सोडायचा नाही. सोडून-सोडून दाबला तर पूर्ण रेसवरच्या पेट्रोल इंजिनाकडून बूस्टरला नवं व्हॅक्युम मिळत नाही, साठलेलं दोन-तीन दाबांत संपतं आणि पेडल दगडासारखं होतं. त्याच वेळी लिव्हर एन (न्यूट्रल) मध्ये टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी कडेला उभी राहिल्यावर ते बंद करा. चालत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बटणाच्या गाडीत बटण एकदा दाबून चालत्या गाडीचं इंजिन बंद होत नाही. बहुतेक गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. तुमच्या गाडीचं नेमकं कसं आहे ते मॅन्युअलमध्ये आजच वाचा. डी मधून एन हा हात इंजिन बंद असताना वीस वेळा करून बघा. पामबीच रोडवर गरज पडली तर विचार करायला वेळ नसेल.

घटना घडून गेली असेल तर गॅरेजला यायच्या आधी काही गोष्टी जपून ठेवा. मॅट जशी होती तशीच राहू द्या, कुणी सरळ करायला गेलं तर थांबवा, आधी फोटो काढा. पायात काय होतं ते बाजूला ठेवा. जुलै २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या सिटी हॉलजवळ गाडी लोकांत घुसून नऊ जण गेले होते. चालक ब्रेक लागला नाही म्हणत होता. तपासात त्याच्या उजव्या बुटाच्या तळव्यावर एक्सलेटरच्या पेडलचा ठसा सापडला. तळवा असं सगळं सांगतो. लिव्हर कुठे होता, एसी चालू होता का, इंजिन थंड की गरम, किती वेळ गाडी चालली होती, ब्रेक कडक लागला की मऊ, हे त्याच दिवशी कागदावर लिहा. शेजारी बसलेल्याने काय ऐकलं तेही लिहा. आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी सेक्रेटरींकडून कॉपी करून घ्या. बऱ्याच ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत त्याच्यावर नवीन चढतं. काकांचं आणखी दोन दिवसांनी मागितलं असतं तर मिळालं नसतं, असं वॉचमन सांगत होता.